दोन बोटं आखूड पायाचं टेबल

साहेब, तुम्ही मला मोडीत काढलंत. मला खाली वाकून एकदा नीट बघितलंतसुद्धा नाही. माझ्या पायाला सुतळीने चिठ्ठी बांधायला लावलीत, तिच्यावर शब्द एकच: 'निर्लेखित'. म्हणजे हे सामान आता विद्यापीठाचं नाही, उचला आणि फोडा. तुमचं नाव मी घेत नाही, ते तुमच्या दारावर पितळेत कोरलेलं आहेच. पण आरोप सरळ करतो. यंदा आलेल्या नव्या पोरांना तुम्ही एकटं पाडलंत, आणि त्या कामाला 'सोय' असं नाव दिलंत.

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुनं टेबल आहे. सहा फूट लांब, पाठीवर डाग, पाय चार, त्यातले कामाचे तीन. माझं शिक्षण झालेलं नाही. लोक माझ्यावर शिकले. त्यामुळे गोड बोलणं मला जमत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म विद्यापीठाच्याच कार्यशाळेत झाला. रसायनशाळेचं एक जुनं दार काढलं होतं, त्याचा मी झालो. पाठीवरचे डाग ॲसिडाचे आहेत, आणि उजव्या अंगाला अजून किल्लीचं भोक आहे. पोरं त्यात पेनं खुपसतात. पाय कापताना सुतारमामा मदतनिसाला आपल्या जावयाची गोष्ट सांगत होते. गोष्टीत जावई रुसून उठला, त्या भरात करवत दोन बोटं आत गेली. माझा मागचा डावा पाय आखूड झाला.

"राहू दे," मामा म्हणाले. "कागदाची घडी घालतील. आमच्या घरात तरी चारही पायांवर सरळ उभं कोण आहे?"

पहिली नोकरी मला कचेरीत लागली. मोठे कारकून माझ्यावर टेकून सही करायला गेले की मी डुलायचो, आणि त्यांची सही पानाच्या बाहेर जायची. तीन महिन्यांत त्यांनी मला ढकलत ढकलत बाहेरच्या पोर्चमध्ये आणून सोडलं. मला वाईट वाटलं होतं. कचेरीत पंखा होता. पण पोर्चच्या एका बाजूला ग्रंथालय होतं, दुसऱ्या बाजूला कँटीन. भूक लागलेला आणि परीक्षा आलेला, दोघांनाही माझ्यासमोरून जावंच लागायचं. माझं आयुष्य त्या जागेनं घडवलं.

आधी मला नाटकवाल्यांनी धरलं. मग गाणारे आले, डोंगर चढणारे आले, पक्षी बघणारे आले, भित्तिपत्रक काढणारे आले. वर्षाच्या सुरुवातीला पंधरा दिवस सगळे माझ्यावर वह्या मांडून बसायचे आणि नव्या पोरांना हाका मारायचे. "या या! नाव लिहा! घाबरू नका!"

आता 'घाबरू नका' म्हटल्यावर माणूस घाबरतोच की नाही? नवं पोर ओळखायला फार अक्कल लागत नाही. ओळखपत्राची दोरी कोरी करकरीत. हातात मोबाइल. मोबाइलमध्ये बघण्यासारखं काही नसतं, नुसता अंगठा वर-खाली. कुणी 'या' म्हटलं की त्याला एकदम कुठेतरी जायचं असल्याचं आठवतं. समोरून शंभर जायचे, थांबायचे चार. आणि त्या चारांना कुणी हाक मारली नसती तरी ते थांबलेच असते. तसल्यांची मला कधी काळजी वाटली नाही.

एके वर्षी काय झालं, माझ्या पायाखालची घडी कुणीतरी सिगारेटची राख झाडायला काढून नेली. मी डावीकडे कललो, नाटकवाल्यांच्या वह्या घसरल्या. शेजारून एक उंचच्या उंच मुलगा मान खाली घालून चालला होता. त्यानं विचार न करता हात पुढे केला आणि माझा कोपरा पकडला.

"हां, धर धर! जरा तसंच धर," नाटकवाली ताई म्हणाली. "मी घडी शोधून आणते."

ताई घडी शोधायला गेली ती कँटीनमध्ये गप्पा मारत बसली. हा बिचारा कोपरा धरून उभा. पाच मिनिटांनी त्याला कुणी चहा दिला. दहा मिनिटांनी एकानं विचारलं, "नाव कुठे लिहायचं?" यानं वही पुढे केली. अर्ध्या तासाने तो ओळख नसलेल्या माणसांना पेन परत करायला सांगत होता. संध्याकाळी ताई म्हणाली, "अरे, तू अजून इथेच? तुझं नाव काय?" तोवर पोरांनी त्याला 'खांब' नाव ठेवलंही होतं. पुढची तीन वर्षं नाटकाचा सगळा डोलारा खांबाच्याच जिवावर उभा होता.

हे सगळं कँटीनच्या मावशी गल्ल्यामागून बघत होत्या. मावशी म्हणजे कमी दूध आणि जास्त बोलणं. त्या दिवशी त्यांनी निकाल दिला.

"बोलावलं की पळतात, आणि काम सांगितलं की थांबतात. माणसाची जातच वेडी. पुढच्या वर्षी ती घडी घालायचीच नाही!"

तेव्हापासून हा रिवाज पडला. माझ्या पायाखालची पुठ्ठ्याची घडी मावशींच्या बिस्किटाच्या डब्यात राहायची. वर्ष सुरू झालं की कुणीतरी ओरडायचं, "घडी काढा रे, नवीन आले!" घडी डब्यात, मी डुगडुगत पोर्चमध्ये. जो सगळ्यांत जास्त मान खाली घालून चालला असेल त्यालाच मुद्दाम सांगायचं, "अहो, जरा इथं धरता का? दोन मिनिटं." नाही म्हणणारा मला अठ्ठावीस वर्षांत एक भेटला, आणि त्याच्या हाताला प्लास्टर होतं. पंधरा दिवस झाले की घडी परत पायाखाली. तोवर धरणाऱ्यांतले निम्मे कुठल्या ना कुठल्या मंडळात गेलेले असायचे, आणि उरलेल्यांना निदान डबा खायला कुणीतरी मिळालेलं असायचं.

मित्रांनो, मी माझ्या पायाची लाज बाळगणं त्या वर्षी सोडलं. धडधाकट टेबलं विद्यापीठात चारशे आहेत. त्यांना कुणी धरत नाही.

मग साहेब, तुम्ही आलात.

तुम्ही पोर्चमध्ये आलात तो पंधरवड्याचा पहिला दिवस होता. घडी डब्यात होती. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात चहा. फाइल माझ्यावर ठेवलीत, शेजारी कप ठेवलात, कोपऱ्यावर कोपर टेकलंत. पोरं "सर, सर" करेपर्यंत उशीर झाला होता. चहा फाइलवरून वाहत तुमच्या बुटांत गेला. मी माफी मागितली असती, पण खरं सांगतो, मला हसू येत होतं. धरणारा एक मुलगा तर तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिला होता, त्याचे खांदे हलत होते.

त्या फाइलमध्ये तुमची नवी सोय होती. प्रत्येक खांबावर एक काळा-पांढरा चौकोन लागला. मोबाइल धरायचा, बटण दाबायचं, चाळीस मंडळांचं सदस्य व्हायचं. कुणाशी बोलायला नको, कुणाचं तोंड बघायला नको. तुम्ही भाषणात सांगितलंत, एका दिवसात अकराशे सदस्य झाले. टाळ्या झाल्या. मग नाटकाची पहिली बैठक झाली. मोबाइलवर सदस्य सहाशे बारा. खोलीत माणसं तीन, आणि त्यांतला एक पंखा बंद करायला आला होता.

आणि मी? मी जिन्याखालच्या अडगळीत गेलो. मोडक्या खुर्च्या, एक पुतळ्याचं डोकं, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, आणि पायाला तुमची चिठ्ठी.

तिथे मला ती भेटली.

पहिल्या वर्षाची मुलगी. कँटीनमध्ये एकटीनं डबा खायची लाज वाटायची म्हणून ती जिन्याखाली यायची. रोज साडेबाराला. पहिल्या दिवशी तिनं माझ्यावर डबा ठेवला, मी डुललो, डबा घसरला, तिनं गुडघा लावून मला सावरलं. मग रोज तसंच, गुडघा माझ्या खाली आणि जेवण माझ्यावर. महिनाभरात तिचा आवाज मी ऐकला तो फक्त फोनवर, आईशी बोलताना.

"जेवलीस का गं?"

"जेवतेय."

"कुणाबरोबर?"

ती माझ्यावर बोटानं टकटक करत म्हणाली, "आहे एक मैत्रीण."

"कशी आहे?"

"जरा लंगडी आहे. पण रोज माझ्यासाठी जागा धरून ठेवते."

"अगं बाई! मग तिचा डबा तू उचलत जा हं. आणि सुट्टीत घरी घेऊन ये तिला."

"बघू," ती म्हणाली, आणि फोन ठेवून किती तरी वेळ माझ्या किल्लीच्या भोकात बोट फिरवत बसली. मला आयुष्यात पुष्कळ काही म्हटलंय लोकांनी. मैत्रीण कुणी म्हटलं नव्हतं. टेबल म्हणजे ना तो, ना ती. पण म्हटलं, चालेल.

पुढच्या बुधवारी तिनं डब्याशेजारी एक फॉर्म पसरला. 'प्रवेश रद्द करण्याबाबत.' शेवटची तारीख शुक्रवार, दुपारी चार. नाव लिहिलं, वर्ग लिहिला. 'कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं. कारण मला माहीत होतं. महिनाभरात तिला एकाही माणसानं 'जरा धर' म्हटलं नव्हतं. तिनं लिहिलं, 'वैयक्तिक'. पेनाचं टोक किल्लीच्या भोकावर आलं आणि कागदाला बारीक छिद्र पडलं. मी एवढंच करू शकलो.

गुरुवारी ती जेवत असतानाच शिपाईकाका आले. भंगारवाल्याची गाडी मागच्या आवारात येणार होती, मला तिकडे न्यायचं होतं. जोडीदार शिपाई रजेवर.

"काय गं, इथे अंधारात जेवतेस?" काका म्हणाले. "बरं झालं आहेस. माझा गुडघा बोलतोय. जरा ती बाजू धर की."

तिनं धरली. डबा माझ्यावरच, डब्याखाली फॉर्म. आम्ही वरात काढल्यासारखे जिन्याखालून निघालो. पोर्चमध्ये आल्यावर काकांनी मला टेकवलं. "थांब, पाणी पिऊन येतो. सोडू नकोस हं, आडवं होईल ते."

ती उभी राहिली. पोर्च गच्च भरलेला. समोरून सगळं विद्यापीठ जातंय, आणि ही टेबल धरून मधोमध. तिचे हात गार पडलेले मला कळत होते. पळाली असती. पण पळायला आधी मला सोडावं लागलं असतं.

तेवढ्यात कँटीनच्या गल्ल्यामागून किंकाळी आली. "अगं बाई, टेबल आलं! अरे, टेबल आलं रे!"

मावशी हात पुसत बाहेर. त्यांना वाटलं साहेबांना अक्कल आली. मागोमाग गाण्याच्या मंडळाची एक थोरली मुलगी आली, आवाजावरून तिला सगळे 'भोंगा' म्हणायचे. तिच्या मंडळात यंदा मोबाइलवर दोनशे सदस्य होते आणि समूहगानाला ती एकटी.

"कोणत्या मंडळाची गं तू?" भोंग्यानं विचारलं.

"कुठल्याच नाही. मी फक्त धरलंय."

"मग बरोबर जागी आलीस. आमच्याकडे सगळ्यांची सुरुवात अशीच होते. वही कुठंय? कागद दे काहीतरी!"

वही कुणाकडेच नव्हती. सगळं मोबाइलवर गेलेलं. भोंग्यानं डब्याखालचा कागद ओढला, कोऱ्या बाजूने उलटा पसरला आणि वर ठसठशीत लिहिलं: 'नावं'. ती "अहो, तो..." म्हणेपर्यंत दोघांनी सह्या ठोकल्यासुद्धा.

मग पुढचं मी बघतच राहिलो. एक काटकुळा मुलगा मोबाइलवर अंगठा सरकवत कडेकडेनं चालला होता. अगदी ठरलेलं गिऱ्हाईक. भोंगा दुसरीकडे ओरडत होती. या पोरीला रिवाज कुणी शिकवला नव्हता, घडी-बिडी काही ठाऊक नव्हतं. तिचा हात अवघडला होता, एवढंच.

"ऐक ना," ती म्हणाली. "जरा इथं धरतोस का? दोन मिनिटं."

त्यानं धरलं. आनंदानं धरलं. जणू महिनाभर याचीच वाट बघत होता.

काका पाणी पिऊन आले, गर्दी बघून कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "आता हे काय यांच्या डोक्यावरून नेऊ?" मावशींनी त्यांना चहा दिला. भंगारवाला कंटाळून निघून गेला. संध्याकाळी मला भिंतीला टेकवून ठेवताना भोंग्यानं नावांचा कागद घडी करून हिच्याच हातात दिला. "उद्या घेऊन ये. हरवू नकोस, टेकू."

टेकू! नाव पडलं होतं. पण मला धाकधूक. कारण त्या कागदाची दुसरी बाजू भोंग्यानं वाचली नव्हती, मी वाचली होती. आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार.

शुक्रवारी ती आली. साडेबारा, एक, दोन. धरणारे बदलत होते, नावं वाढत होती, कागद माझ्यावरच होता. साडेतीनला प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाई चहाला खाली उतरल्या. डोळे बारीक, चष्मा कपाळावर.

"तू ती फॉर्म नेलेली ना? देणार असशील तर दे बाई. चारला खिडकी बंद."

तिचा चेहरा उतरला. "हो. पण बाई, हे सोडता येत नाहीये."

"त्यात काय? मी धरते. जाऊन ये पटकन."

बाईंनी कप ठेवला, पदर खोचला आणि माझा कोपरा धरला. टेकूनं कागद उचलला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ती एकदा थांबली, मग वर गेली. मला मान नाही, नाहीतर वळवली असती. भोंगा पलीकडे कुणाला तरी सूर लावून दाखवत होती. तिला पत्ताच नव्हता. पावणेचार वाजले. चार वाजले. बाई काटकुळ्या मुलाला आपल्या सुनेची तक्रार सांगत होत्या.

चार वाजून पाच मिनिटांनी टेकू खाली आली. हातात कागद तसाच.

"बाई, खिडकीवर कुणीच नाही."

"कसं असेल? मी इथं आहे ना!" बाई म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी जीभ चावली. आणि टेकू हसली. महिन्याभराचं साठलेलं हसू होतं ते, थांबेचना. मावशी बाहेर येऊन विचारायला लागल्या, काय झालं, काय झालं.

"चल, चल, माझी चूक," बाई म्हणाल्या. "उघडते तुझ्यापुरती. घड्याळ मागं करते, हवं तर."

टेकूनं कागद उलटा केला. एक्केचाळीस नावं. सरळ केला. एक नाव.

"राहू द्या बाई," ती म्हणाली. "मी अर्धा तास खिडकीसमोर उभी होते. उभ्या उभ्या नावंच वाचत होते. आता ही बाजू कुणाला देऊ कशी?" आणि पेन घेऊन तिनं 'वैयक्तिक'वर आडवी रेघ मारली. माझ्यावर ठेवूनच मारली. मी अजिबात डुललो नाही.

गेल्या रविवारी तिची आई आली होती. हातात पिशवी, पिशवीत दोन डबे.

"कुठंय ती तुझी लंगडी मैत्रीण? तिच्यासाठी वेगळा डबा आणलाय."

टेकूचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग तिनं आईचा हात धरून माझ्या कोपऱ्यावर ठेवला. आईला सगळं कळलं, तो महिना कसा गेला ते. मग तिनं पदरानं माझी पाठ पुसली, ॲसिडाचे डागसुद्धा निघतात का बघितलं, आणि म्हणाली, "हिच्या वाटचं कोण खाणार मग?"

भोंग्यानं, काटकुळ्यानं आणि आणखी सात जणांनी खाल्लं. आईनं मला धरून ठेवलं होतं.

मित्रांनो, माझी विनंती लहान आहे. तुमच्या वर्गात, गल्लीत, कामावर कुणी नवं आलं तर नुसतं 'ये' म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्या हातात काहीतरी द्या. एक टोक द्या धरायला. आणि तुम्ही स्वतः नवे असाल, तर कुठे काही घसरताना दिसलं की हात पुढे करा. आपलं काय जातंय म्हणून पुढे जाऊ नका.

आता साहेब, तुमच्याकडे येतो.

पोरांनी तुम्हाला आणून दिलेला तो कागद तीन आठवडे तुमच्या टेबलावर आहे. तुमचं टेबल सरळ आहे, त्यामुळे तो घसरून पडला अशी सबब नको. एका बाजूला एका मुलीचा रद्द केलेला अर्ज आहे. दुसऱ्या बाजूला एक्केचाळीस नावं आहेत, आणि त्यांच्याखाली एक ओळ: 'हे टेबल पोर्चमध्ये राहू द्यावे. पाय दुरुस्त करू नये.' खाली सहीला जागा सोडली आहे. माझ्या पायाची चिठ्ठी अजून तशीच लोंबतेय, आणि भंगारवाला सोमवारी पुन्हा येणार आहे. यंदा जिन्याखाली डबा खाणारी ती एकटीच नसेल. बाकीच्या कुठे बसतात, तुम्ही कधी बघायला गेलात?

कागद उलटा करून बघा. मग सांगा, लेखी सांगा, सोमवारच्या आत सांगा: सही कुठल्या बाजूवर करताय?